त्सुबोनिवा

त्सुबोनिवा : जपानमधील दाट वस्तीच्या शहरांत घराच्या आतील मोकळ्या चौकात रचली जाणारी लहान बाग. ‘त्सुबो’ हे जपानी क्षेत्रमापनातील एकक असून ते दोन तातामी चटयांएवढे, म्हणजे सु. ३·३ चौ. मी. भरते, ‘निवा’ म्हणजे बाग. प्रत्यक्षात या बागांचे क्षेत्रफळ एका त्सुबोहून थोडे कमी ते त्याच्या काही पट असे बदलते. चहूबाजूंनी खोल्या, ओसऱ्या व भिंती, वर तेवढ्याच आकाराचे आकाश आणि खाली शेवाळ, काही दगड, सावलीत तगणारी दोनचार झाडे, पाण्याची एक दगडी डोणी व एक दगडी कंदील, एवढीच तिची सामग्री असते. या बागेत सामान्यतः फिरावयाचे नसते. खोलीत बसून अथवा ओसरीवरून जाता जाता ती पाहावयाची असते. क्योतो शहरातील व्यापाऱ्यांच्या घरांत सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत या प्रकाराला पूर्ण रूप आले व आजही तो मुख्यत्वे त्याच शहराशी निगडित मानला जातो.

जपानी उद्यानांविषयीच्या लोकप्रिय लेखनात डोणी व कंदील यांचा अर्थ बहुधा प्रतीकांच्या भाषेत सांगितला जातो: पाणी म्हणजे शुद्धी, दिवा म्हणजे ज्ञान. हे सर्वस्वी चूक नाही. तथापि या दोन्ही वस्तू त्या बागेत आल्या त्या कामाच्या वस्तू म्हणून. एक हात धुण्यासाठी व दुसरी अंधारात वाट दाखविण्यासाठी होती. उपयोग व शोभा यांचे प्रमाण निरनिराळ्या काळांत कसे बदलत गेले, हाच या बागेच्या इतिहासाचा गाभा आहे. तिची सुप्रसिद्ध शांतताही बऱ्याच अंशी त्या प्रमाणावर अवलंबून आहे.

जपानमधील इतर दोन प्रसिद्ध उद्यानप्रकारांपासून त्सुबोनिवा वेगळी ओळखली पाहिजे. क्योतोच्या र्योआन्-जीसारख्या झेन मठांतील कोरडी उद्याने खडी व शिलाखंड यांची असून ती मठाच्या मुख्य दालनासमोर पसरलेली असतात. सरंजामदारांनी बांधविलेली विहारोद्याने तर कित्येक हेक्टरांची असून तळ्याभोवती चालत पाहावयाची असतात. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा येथील कोराकुएन या विहारोद्यानाच्या धर्तीवर आखलेले असल्याने मराठी वाचकाला जपानी उद्यान म्हटले की हाच दुसरा प्रकार प्रथम आठवतो. त्सुबोनिवाची परंपरा त्याहून निराळी व घरगुती आहे.

पूर्वपीठिका : ‘त्सुबो’ हा शब्द बागेच्या संदर्भात हेइआन काळापासून (७९४–११८५) आढळतो. त्या वेळच्या राजवाड्यातील निरनिराळ्या इमारती छपराच्या वाटांनी एकमेकींना जोडलेल्या असत आणि त्यांच्या मध्ये राहिलेल्या चौकांना ‘त्सुबो’ म्हणत. मात्र तेव्हा हा शब्द बरणी वा घट या अर्थाच्या चित्राक्षराने लिहिला जाई. क्षेत्रमापनाचे चित्राक्षर वेगळे आहे. चौकात लावलेल्या झाडावरून त्या भागाला नाव पडे: पॉलोनियाचे झाड असलेला तो किरित्सुबो व विस्टेरियाची वेल असलेला तो फुजित्सुबो. मुरासाकी शिकिबू हिच्या गेंजी मोनोगातारी या कादंबरीतील दोन प्रमुख स्त्रिया याच नावांनी ओळखल्या जातात. या चौकांत एखाददुसरे झाड वा फुलांचा ताटवा याहून अधिक रचना नसे. अकराव्या शतकातील साकुतेइकि हा उद्यानरचनेवरील जपानमधील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–९४) याचा मानला जातो. त्यात तळी, बेटे व वाड्याखालून खेळविलेले ओहोळ यांचा विचार आहे, म्हणजे तो सर्व प्रशस्त जमिनीचा विचार आहे. अरुंद जागेतील बागेचे शास्त्र दरबारातून आलेले नाही; ते बाजारपेठेतून आले.

शहर व घर : क्योतो नगर ७९४ मध्ये चौरस पेठांच्या आखणीवर वसविण्यात आले. ओनिन युद्धात (१४६७–७७) त्याचा मोठा भाग जळून गेला. पुढे तोयोतोमी हिदेयोशी (१५३७–९८) याने १५९० च्या सुमारास शहराची फेरआखणी करताना अनेक चौरस पेठांच्या मधोमध नवे उत्तर-दक्षिण रस्ते काढले, त्यामुळे पेठा लांबट झाल्या व रस्त्याकडे तोंड असलेल्या घरांची संख्या वाढली. दुकानाला रस्त्याचा दर्शनी भाग हवा आणि तो तर सर्वांनाच हवा, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला त्याची थोडीथोडी रुंदी आली. ‘माचिया’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यापाऱ्यांची घरे रस्त्यावर जेमतेम तीन केन (सु. ५·५ मी.) रुंद व आत वीस केनांपर्यंत (सु. ३६ मी.) लांब असत. क्योतोचे लोक त्यांना ‘ईल माशाचे अंथरूण’ म्हणतात. दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून घरे अरुंद झाली, हे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. पण जेथे असा कर नव्हता अशा अनेक देशांच्या बाजारपेठांतही घरांचा आकार असाच आढळतो, तेव्हा केवळ करावर सगळा भार टाकणे योग्य नाही.

अशा घराच्या दोन्ही लांब बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्याने तेथे खिडक्या ठेवता येत नाहीत. मधल्या खोल्यांना उजेड व हवा मिळावयाची तर छप्पर मध्येच तोडून आकाश आत घ्यावे लागते. रस्त्यालगतचे दुकान, त्यामागे एक चौक, मग राहण्याच्या खोल्या, त्यांच्यामागे थोडी मोठी बाग व अगदी शेवटी जाड मातीच्या भिंतींची, आगीपासून सुरक्षित अशी वखार, असा मोठ्या माचियांचा क्रम असे. एका बाजूने स्वयंपाकघरासह थेट मागपर्यंत जाणारी मातीच्या जमिनीची बोळवजा वाट असे. दुकान व घर यांमधील चौक ही खरी त्सुबोनिवा होय. मागील बागही व्यवहारात याच नावात मोडते.

क्योतो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने तेथील उन्हाळा दमट व वाराहीन असतो. पुढच्या लहान चौकात सावली अधिक व मागच्या बागेत ऊन अधिक, त्यामुळे दोहोंतील हवेच्या तापमानात फरक पडतो आणि मधल्या खोल्यांतून वाऱ्याची झुळूक वाहू लागते. चौकातील दगडांवर व शेवाळावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले की बाष्पीभवनाने हा फरक वाढतो. जुलैतील गिओन उत्सवापूर्वी घरातील कागदी सरकती दारे काढून त्यांच्या जागी बोरूच्या काड्यांची दारे व बांबूचे पडदे लावण्याची प्रथा आहे, तिचे कारण हेच. येथे पाणी हे शोभेआधी घर थंड ठेवण्याचे साधन आहे. तसेच उजेडाचे. खोल चौकात थेट ऊन दिवसातून थोडाच वेळ उतरते. उरलेल्या वेळी पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतीवरून परावर्तित झालेला मंद प्रकाश रुंद वळचणीखालून व कागदी दारांतून गाळून खोलीत येतो. वनस्पतींची निवडही याच प्रकाशाने ठरविली आहे. आओकि, नांतेन, कॅमेलिया, बुटके बांबू, नेचे व शेवाळ अशा सावली सोसणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या व बहुतेक सदाहरित वनस्पतीच तेथे टिकतात. फुलांचा भडक रंग या बागांत क्वचितच दिसतो. ती अभिरुची खरी, पण तिच्यामागे उन्हाचा अभावही आहे.

चहाची वाट : या उपयुक्त चौकाला उद्यानाचे रूप मिळाले ते चहासमारंभामुळे. मुराता शुको (मृ. १५०२) व ताकेनो जोओ (१५०२–५५) यांच्या काळापासून क्योतो व साकाइ या शहरांतील सधन व्यापाऱ्यांत साध्या झोपडीवजा दालनात मोजक्या पाहुण्यांना चहा देण्याची पद्धत रुजली. सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने तिला परिपूर्ण शिस्त दिली. घराच्या मागील अरुंद जागेत बांधलेल्या या दालनाकडे नेणाऱ्या वाटेला ‘रोजि’ असे नाव पडले. ऐन वस्तीत डोंगरातील एकांताचा भास व्हावा हा तिचा हेतू होता. त्या काळी जपानमध्ये दीर्घकाळ राहिलेला पोर्तुगीज जेझुइट धर्मप्रचारक झ्वाउं रॉद्रिगिश (सु. १५६१–१६३३) याने साकाइच्या नागरिकांच्या या छंदाचे वर्णन करून ‘शहरातील डोंगरघर’ या अर्थाचा त्यांचा शब्दप्रयोगही नोंदवून ठेवला आहे. साकाइ हे सपाट किनाऱ्यावरचे गजबजलेले बंदर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेमागील गरज समजते.

रोजीत पाहुणा काही क्रिया करतो: पायदगडांवरून सावकाश चालतो, थांबतो, वाकतो, हात व तोंड धुतो, मग गुडघ्यांवर रांगत चहादालनात शिरतो. प्रत्येक क्रियेला एकेक दगड नेमून दिलेला आहे. पाहुणे येण्यापूर्वी, मध्यंतराच्या वेळी व ते निघण्यापूर्वी असे तीनदा वाटेवर पाणी शिंपडले जाते. या शिंपणाला चहाच्या परिभाषेत दवाचे नाव आहे. जागा इंचाइंचाने मोजून वापरल्यामुळे चारसहा मीटरांची वाटही लांब वाटू लागते. चालण्याची सोय व पाहण्याची शोभा यांचे प्रमाण किती असावे, याविषयी एक जुने वचन चहापरंपरेत सांगितले जाते. पायदगड बसविताना रिक्यू सहा भाग सोयीला व चार भाग शोभेला देई. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) याने हे प्रमाण उलट केले. गुरूपासून शिष्यापर्यंतच्या या एका पायरीत पुढील तीन शतकांच्या प्रवासाची दिशा दिसते.

पाणी : रोजीतील डोणी जमिनीलगत बसविलेली असते. तिच्यापुढे वाकल्याशिवाय पाणी घेता येत नाही, म्हणून तिच्या मांडणीला ‘उकिडवे बसणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ‘त्सुकुबाइ’ असे नाव आहे. मांडणीचे घटक ठरलेले आहेत. मध्ये डोणी, समोर पाहुण्याने ज्यावर पाय ठेवून वाकावयाचे तो सपाट दगड आणि डावीउजवीकडे दोन सहायक दगड. त्यांपैकी एकावर हिवाळ्यात गरम पाण्याची लाकडी बादली ठेवतात व दुसऱ्यावर रात्रीच्या समारंभात हातातील मेणबत्तीचा दिवा. कोणता दगड डावीकडे व कोणता उजवीकडे, याबाबत चहाच्या घराण्यांत मतभेद आहेत. या सर्वांच्या मधली खोलगट जागा गोट्यांनी भरलेली असून सांडलेले पाणी तीत मुरते. तिला ‘समुद्र’ म्हणतात. हात धुण्यासाठी डोणीवर बांबूचे ओगराळे आडवे ठेवलेले असते. या मांडणीत एकही वस्तू निव्वळ दिखाऊ नाही. तसेच पाणी व दिवा यांची जागा शेजारीशेजारी ठरलेली आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

रिक्यूविषयीची एक आख्यायिका या संदर्भात उद्बोधक आहे. साकाइ येथे समुद्र दिसणाऱ्या जागेवर त्याने बाग केली आणि झाडे लावून तो देखावा पार झाकून टाकला. पाहुणे बुचकळ्यात पडले. पण डोणीपाशी वाकून ओगराळ्यात पाणी घेताना झाडांच्या फटीतून दूरचा समुद्र चमकून गेला, तेव्हा हातातील पाणी व ते पाणी एकच असल्याचा प्रत्यय त्यांना आला. ही कथा खरी असो वा नसो, लहान बागेतील पाणी डोळ्यांपेक्षा हाताला अधिक जवळचे असले पाहिजे, ही त्या परंपरेची धारणा तीतून स्पष्ट होते.

सर्वच डोण्या उकिडव्याने वापरावयाच्या नसत. माचियात शौचकूप मागील बागेच्या कडेला असे व त्याच्याजवळ ओसरीवरून उभ्याने हात पोचेल इतक्या उंचीची डोणी बसविलेली असे. हिचा मान कमी असला, तरी रोजचा उपयोग अधिक होता. डोणीसाठी मुद्दाम घडविलेल्या दगडापेक्षा दुसऱ्या कामातून निवृत्त झालेला दगड चहागुरूंना अधिक प्रिय होता. देवळाच्या खांबाची तळखडी, मोडक्या दगडी स्तूपाचा मधला ठोकळा, पुलाच्या खांबाचा तुकडा अशा वस्तू पोखरून त्यांच्या डोण्या केल्या जात. दुसऱ्या हेतूने घडविलेल्या वस्तूत नवा हेतू पाहणे, हा चहाच्या सौंदर्यशास्त्रातील एक स्वतंत्र विषय आहे. घडीव डोण्यांत र्योआन्-जी येथील डोणी सर्वांत प्रसिद्ध आहे. नाण्यासारख्या गोल दगडाच्या मध्यभागी चौकोनी खळगा व त्याच्या चार बाजूंना चार अपुरी चित्राक्षरे आहेत. खळग्याचा चौकोन प्रत्येकाशी जोडून वाचला की समाधानी वृत्तीविषयीचे वाक्य तयार होते. ती तोकुगावा मित्सुकुनी (१६२८–१७०१) याने अर्पण केल्याची परंपरा आहे.

पाण्याच्या नादाचाही उपयोग झाला. सांडपाणी मुरण्याच्या जागेखाली, तळाला भोक पाडलेली मातीची मोठी बरणी उपडी पुरली व खाली थोडे पाणी साचू दिले, तर भोकातून पडणाऱ्या थेंबांचा आवाज आत घुमून तंतुवाद्यासारखा मंजुळ ऐकू येतो. ‘सुइकिन्कुत्सु’ नावाची ही रचना कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) याच्या निचऱ्याच्या योजनेतून निघाली, असे सांगतात. डोणीभोवती चिखल होऊ नये हा तिचा पहिला हेतू. संगीत मागाहून आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९८० नंतरच्या दशकात वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांमुळे तिच्याविषयी पुन्हा कुतूहल निर्माण झाले. पाणी भरताच कलंडून दगडावर ठोका देणारा बांबूचा नळ ही दुसरी नादयुक्त रचना. ती मूळची शेतातून रानडुकरे व हरणे पिटाळण्याची. इशिकावा जोझान (१५८३–१६७२) या कवीने १६४१ मध्ये क्योतोच्या पूर्वेकडील टेकडीवर बांधलेल्या शिसेन्-दो या आश्रमात ती आजही ऐकू येते. शहरी चौकात मात्र ती परकी वाटते. शांतता जाणवण्यासाठी दोन ठोक्यांमध्ये जेवढे अंतर लागते, तेवढे ऐकणाऱ्याचे कान शेजारच्या दुकानाच्या गलबल्यात मोकळे राहत नाहीत.

दिवा : दगडी कंदील बौद्ध धर्माबरोबर कोरियातून जपानमध्ये आला. आपल्याकडील नंदादीपाप्रमाणे तो देवतेला अर्पण केलेला प्रकाश असून प्रारंभी मंदिराच्या मुख्य दालनासमोर मध्यभागी एकच कंदील उभारीत. नारा प्रांतातील ताइमा-देरा येथील दगडी कंदील जपानमधील सर्वांत जुना समजला जातो. पुढे शिंतो देवस्थानांनीही ही प्रथा उचलली. नारा येथील कासुगा देवस्थानात भक्तांनी अर्पण केलेले दगडी व टांगते धातूचे मिळून सु. ३,००० कंदील आहेत व ते वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत, सर्वच्या सर्व लावले जातात.

देवळातील ही वस्तू सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चहागुरूंनी बागेत आणली, कारण समारंभ पहाटे व सायंकाळीही होत. हिवाळ्यातील सायंचहात पाहुणे रोजीत शिरतात तेव्हा अंधार पडलेला असतो. जेथे पाऊल चुकण्याचा संभव आहे, म्हणजे डोणीपाशी व दालनाच्या बुटक्या दारापाशी, तेथे कंदील ठेवीत. उरलेल्या वाटेवर कागदी दिवे व हातातील मेणबत्त्या असत. कंदिलाचे छत्र, दीपकोश, कोशाखालची बैठक, खांब व तळ असे भाग असतात. दीपकोशात तेलाची पणती ठेवून तोंडाला पातळ कागद लावतात. त्यातून बाहेर पडणारा उजेड फार तर डोणीची कड व समोरचा ओला दगड दाखवील इतकाच असे. ओरिबेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंदिलाला तळच नाही; त्याचा खांब सरळ जमिनीत पुरतात. त्यामुळे उंची हवी तेवढी कमीजास्त करून ज्योत नेमकी डोणीच्या पाण्यावर पडेल अशी बसविता येते. त्याच्या खांबावरील कोरीव आकृतीमुळे तो गुप्तपणे ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्यांचा होता असे मत मांडले गेले. त्याला भक्कम पुरावा नाही. पाण्याच्या काठासाठी रुंद छत्राचा, आखूड पायांचा ‘हिमदर्शन’ प्रकार रूढ झाला.

कंदिलाच्या मांडणीतील सर्वांत सूक्ष्म नियम झाडासंबंधी आहे. कंदिलाच्या तोंडासमोरून एक फांदी आडवी जाईल असे झाड लावतात व त्याला ‘दिव्याला अडविणारे झाड’ असे नावच आहे. ज्योत उघडी दिसू नये, पाने हलली म्हणजे ती लपावी व पुन्हा दिसावी, हा त्यामागील विचार. डोणीशेजारीही तिच्यावर किंचित झुकणारे एक झाड लागते. लहान जागेत सर्व काही एकदम दिसले तर जागेचा लहानपणाही एकदम दिसतो. अर्धवट झाकलेला दिवा तो दिसू देत नाही.

रूढी व पुस्तके : तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) व्यापाऱ्यांजवळ पैसा साठला, परंतु त्यांच्या राहणीवर कायद्याने बंधने होती. रस्त्यावरून साधे दिसणारे घर व आत उत्तम लाकूड, दुर्मिळ दगड आणि चौकात निगुतीने राखलेली बाग, ही क्योतोच्या श्रीमंतीची रीत त्यातून घडली. बागांची मागणी वाढताच त्यांची पुस्तकेही निघाली. कितामुरा एन्किन याचे त्सुकियामा तेइझोदेन १७३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आकिसातो रितो याने १७९९ मध्ये क्योतोतील उद्यानांचा सचित्र ग्रंथ काढला व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एन्किनच्या पुस्तकाला पुरवणी जोडली. या ग्रंथांनी दगड व झाडे यांना नावे, जागा व दर्जे ठरवून दिले. त्यामुळे सामान्य माळ्यालाही बरी बाग करता येऊ लागली, हा लाभ. पण ज्या घरात चहासमारंभ होतच नाही तेथेही डोणी व कंदील आलेच पाहिजेत असा संकेत पडला, ही हानी. पाणी नसलेली डोणी व कधीही न पेटणारा कंदील यांची सुरुवात येथेच झाली. ओरिबेने बदललेले प्रमाण आता दहापैकी दहा भाग शोभेवर आले.

पाण्याचे रूप दुसऱ्या टोकालाही गेले. क्योतोच्या दाइतोकु-जी मठसंकुलातील र्योगेन-इन येथे दोन इमारतींमधील अतिशय चिंचोळ्या पट्टीत केवळ पांढरी रेती व काही दगड आहेत. रेतीत दगडांभोवती ओढलेली वर्तुळे थेंब पडल्यावर उठणारे तरंग सुचवितात. विसाव्या शतकाच्या मध्यात केलेली ही बाग सर्वांत लहान उद्यानांपैकी एक म्हणून दाखविली जाते. तिच्यात पाणी नाही. पण तिला त्याचा बहाणाही करावा लागत नाही, म्हणून कोरड्या डोणीपेक्षा ती अधिक प्रामाणिक वाटते.

आधुनिक काळ : आज उभ्या असलेल्या बहुतेक माचिया फार जुन्या नाहीत. १७८८ च्या आगीत शहराचा बहुतांश नष्ट झाला व १८६४ मधील लढाईत मध्यवर्ती भाग पुन्हा जळाला. कापडव्यापारी सुगिमोतो घराण्याचा वाडा त्यानंतर १८७० मध्ये पुन्हा बांधलेला आहे. राष्ट्रीय पातळीवर त्याला २०१० मध्ये महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून व त्याच्या बागेला २०११ मध्ये रमणीय स्थळ म्हणून संरक्षण मिळाले. माचियाच्या बागेला असा दर्जा मिळणे ही विशेष घटना होती.

राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोला सावरण्यासाठी अभियंता तानाबे साकुरो याच्या देखरेखीखाली बिवा सरोवरातून काढलेला कालवा १८९० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पाण्यावर १८९१ पासून केआगे येथे वीज निर्माण होऊ लागली आणि त्याच पाण्यावर सातवा ओगावा जिहेइ (१८६०–१९३३) या उद्यानकाराने मुरिन-आनसारखी खळाळत्या ओहोळांची उद्याने रचली. दुसऱ्या कालव्यानंतर १९१२ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. अशा रीतीने एकाच कालव्याने बागेला पाणी व घराला दिवा दिला आणि त्याच वेळी डोणी व कंदील या दोहोंचे उरलेसुरले कामही काढून घेतले. नळ आल्यावर ओसरीजवळच्या डोणीची गरज उरली नाही. विजेचा दिवा आल्यावर पणतीची उरली नाही. विजेच्या सर्वत्र सारख्या उजेडाने जुन्या घरातील काळोखाच्या छटा कशा पुसल्या, याची मीमांसा तानिझाकी जुन्इचिरो (१८८६–१९६५) याने इन्एइ राइसान (१९३३–३४) या निबंधात केली आहे. कंदिलात विजेचा गोळा बसविणे सोपे असते. पण तो पाने, भिंत व डोणी यांवर एकसारखा प्रकाश टाकू लागला की अडविणाऱ्या झाडाचा नियम निरर्थक ठरतो. अलीकडील जाणकार उद्यानकार याच कारणाने दिव्याचा उगम लपवून, तो जमिनीलगत व अत्यंत मंद ठेवतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या १९५० च्या इमारत कायद्याने दाट शहरी भागात पारंपरिक पद्धतीची लाकडी घरे नव्याने बांधणे जवळजवळ अशक्य झाले. जुनी पडत गेली, त्यांच्या जागी वाहनतळ व बहुमजली इमारती आल्या. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २०१० मध्ये क्योतोच्या माचियांचा धोक्यातील वारशाच्या यादीत समावेश केला. महापालिकेच्या २०१६ मधील पाहणीत सु. ४०,००० माचिया उरल्याचे आढळले. त्यापूर्वीच्या सुमारे सात वर्षांत ५,६०० हून अधिक पाडल्या गेल्या होत्या व उरलेल्यांपैकी अंदाजे सातांत एक रिकामी होती. २०१७ मध्ये महापालिकेने केलेल्या नियमानुसार माचिया पाडण्याची सूचना मालकाने आधी देणे अपेक्षित आहे. परंतु घर वाचले म्हणजे बाग वाचतेच असे नाही. शेजारी पाचसहा मजली इमारत उठली की चौकातील अल्पस्वल्प ऊन व वारा बदलतो. शेवाळ प्रथम जाते. उपाहारगृह वा अतिथिगृह म्हणून पुन्हा वापरात आलेल्या अनेक माचियांत चौकासमोर काच बसवून वातानुकूलन केलेले असते. तेथे बाग दिसते, पण घर श्वास घेत नाही.

नव्या वास्तुकलेत या चौकाचा सर्वांत मूलगामी पुनर्विचार वास्तुशिल्पी आंदो तादाओ याने ओसाका येथील सुमियोशी भागात १९७६ मध्ये पूर्ण केलेल्या लहान काँक्रीटच्या घरात आढळतो. जुन्या चाळवजा घरांच्या रांगेतील सु. ५७ चौ. मी. जागेच्या तीन भागांपैकी मधला भाग त्याने उघडा ठेवला. एका खोलीतून दुसरीत जाताना पावसात भिजावे लागते, अशी टीका त्यावर झाली आणि ती वस्तुस्थितीही आहे. या चौकात डोणी नाही व कंदीलही नाही. पाऊस व आकाशातील उजेड एवढेच आहे. त्सुबोनिवा ज्या गरजेतून निघाली त्या गरजेपर्यंत ही रचना परत जाते, असे म्हणता येईल. मात्र वाकून हात धुण्याएवढे सौजन्य तीत नाही.

पाडल्या जाणाऱ्या माचियांतील कंदील, डोण्या व पायदगड जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे जातात व तेथून नव्या बागांत बसविले जातात. याला क्योतोत जुना पायंडा आहे. हिदेयोशीच्या काळातील सांजो व गोजो पुलांचे दगडी खांब निकामी झाल्यावर ओगावा जिहेइने हेइआन देवस्थानाच्या, १८९५ मध्ये आरंभलेल्या उद्यानात तळे ओलांडण्याचे पायदगड म्हणून ते वापरले. त्यांवरून आजही लोक चालत पाणी ओलांडतात.